कागदावरचा डाग

सत्तरी उलटली तरी नेवियो गॅरेज बंद करत नव्हता. माझं न्हाव्याचं दुकान समोरच, त्यामुळे त्याचं कण्हणं मला दिवसभर ऐकू यायचं. गाड्यांचा नाही, वाकण्याचा कंटाळा आलाय, असं म्हणायचा.

त्या मंगळवारी म्हाताऱ्या एर्सिलियाची जुनी व्हेस्पा स्कूटर टेम्पोतून आली. चढावर इंजिन जाम झालं होतं. रोज दुपारी ती टेकडीवरच्या वृद्धाश्रमात नवऱ्याला भरवायला जाते. आर्तुरो दुसऱ्या कोणाच्या हातचा घास घेत नाही, आणि वर जाणारी बस आठवड्यातून दोनदाच. सोबत आलेली तिची मुलगी लोरेदाना आल्या आल्या सांगू लागली की आई पेट्रोलमध्ये ऑइल घालायला विसरली, परवा गॅसही चालूच ठेवला होता. आता किल्ली काढून घ्यायची आणि आईलाही वरच ठेवायचं.

"पाच लिटरला दोन कप," एर्सिलिया हळूच म्हणाली. "लग्नातल्या कॉफीच्या सेटमधले. चाळीस वर्षं तसंच घालते. पण आता माझी मलाच खात्री वाटेना."

मला फार वाईट वाटलं. दोघींना माझ्या दुकानात बसवून मी परत गॅरेजमध्ये आलो.

नेवियोने इंजिन खोललं. पिस्टन खरवडला जाऊन सिलिंडरला चिकटला होता. ऑइल नसलं की असंच होतं, असं शहाणपण मी पाजळलं. टाकीतलं थोडं पेट्रोल माझ्या गुलाबी कागदाच्या खेळांच्या वर्तमानपत्रावर शिंपडून तो कागद त्याने उन्हात ठेवला. पेट्रोल उडून गेलं, तेलकट डाग मात्र राहिला.

मग त्याने पंख्याकडची बाजू उघडली आणि स्टुलावर बसून राहिला. आतली ऑइल सील, म्हणजे बाहेरची हवा अडवणारी रबरी कडी, वाकडी बसली होती. तिथून हवा शिरून इंजिन तापलं होतं. ईस्टरनंतर ती सील त्यानेच बसवली होती, नेहमीसारखी चष्म्याशिवाय, बोटांनी चाचपून. बोटं मात्र हल्ली बधिर झालेली.

गप्प बसला असता तर कोणाला कळलं नसतं. मी तर काहीच बोललो नसतो, याची मला आज लाज वाटते.

त्याने हात पुसले, रस्ता ओलांडला आणि कागद लोरेदानाच्या हातात दिला. "ऑइल होतं. तुझ्या आईचं डोकं शाबूत आहे. सील मीच वाकडी बसवली. माझे हात गेलेत."

लोरेदानाने मुठीत धरलेली किल्ली एर्सिलियाने काढून घेतली.

"नवी सील बसव," ती नेवियोला म्हणाली. "चष्मा लाव. दिवा मी धरते."

फळीवरचं जुनं सिलिंडर आणि पिस्टन वापरून काम करायला दोन दिवस गेले. तेवढे दिवस मी तिला माझ्या गाडीतून वर नेलं. गुरुवारी स्कूटर सुरू झाली. ती वळणाआड जाईपर्यंत नेवियो कान देऊन उभा होता. मग गॅरेजचं शटर शेवटचं ओढून तो माझ्या खुर्चीत येऊन बसला.

"दाढी सावकाश कर," म्हणाला. "आता मला कुठे जायचं नाही."