विनाकारण बसलेली माणसं

मित्रांनो, आज दुपारी माझी एक चूक पकडली गेली. खरं तर मीच ती पकडून दिली.

पुण्याहून एक मॅडम धुळ्यात आल्या आहेत. रात्रीचं शहर कसं असतं, यावर त्या पीएचडी करत आहेत. रात्री रस्त्यावर दिसणाऱ्या माणसांची नोंद करायला त्यांनी मला ठेवलं आहे. मी दहावी नापास. चूक होईल या भीतीने फॉर्ममध्ये विचारलं होतं तेवढंच भरलं. बाहेर असण्याच्या कारणाचे रकाने तीन: काम, प्रवास, विनाकारण.

आज आमच्या गल्लीचा कागद बघून मॅडम म्हणाल्या, "इथे विनाकारण बसलेले फारच दिसतात. अहवालात ही गल्ली असुरक्षित दाखवावी लागेल."

मी म्हटलं, "मॅडम, तिथे पत्र्याची घरं आहेत. उन्हाळ्यात पत्रा निवेपर्यंत आत झोपता येत नाही, म्हणून सगळे ओट्यावर बसतात. त्यात माझी आईपण आहे."

"अरे, मग आधी का नाही सांगितलंस?"

"तसा रकाना नव्हता."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेनने चौथा रकाना आखला आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी लिहिलं, 'घर निवण्याची वाट'.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे इतला दिन तू माले रिकामटेकडी लिखं का रे भाऊ?"

आता सगळे कागद पुन्हा भरायचे आहेत, या वेळी माणसांना विचारून. तुमच्या गल्लीत रात्री कोण बाहेर बसतं, आणि का?