समुद्र ताईच्या बाजूला

माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे रत्नाकर भावजी, देवमाणूस आहे असं बंगळुरातलं आमचं सगळं जयनगर म्हणतं. म्हणू दे बापडं. मला त्यांचा राग येतो, आणि त्यांच्यावर लिहायचं तर तो लपवून लिहिता येणार नाही.

भावजी मूळचे साताऱ्याचे. नोकरी बंगळूरच्या सरकारी कारखान्यात, विमानाचे सुटे भाग तपासायच्या खात्यात. पस्तीस वर्षं एकच काम: चाचणीत पास झाल्याशिवाय काही बाहेर सोडायचं नाही. घरीही तेच. नवा कुकर आणला तर आधी नुसतं पाणी उकळून तीन शिट्ट्या काढायचे.

नयनाताईला वेड होतं श्रीलंकेचं. त्या बेटाला गाडीने पूर्ण फेरी घालायची, समुद्राच्या कडेकडेने. निवृत्त झाल्याबरोबर भावजी कामाला लागले. कोलंबोहून आधी उत्तरेकडे निघायचं असं त्यांनी ठरवलं, म्हणजे फेरीभर समुद्र डाव्या हाताला राहील, ताईच्या खिडकीत. इतका विचार करणारा नवरा सगळ्यांना मिळत नाही, हे मीही कबूल करते.

पण मग चाचणी आली. दर रविवारी सकाळी दोघं बंगळूरच्या रिंग रोडला फेरी घालायचे, त्याच दिशेने. हेब्बाळ म्हणजे जाफना, मारतहळ्ळी म्हणजे त्रिंकोमाली, सिल्क बोर्ड म्हणजे गॉल. "नयना, त्रिंकोमाली आलं बघ," भावजी म्हणायचे. ताई डावीकडच्या काचेच्या ऑफिसांकडे मान वळवून म्हणायची, "अगंबाई, केवढ्या लाटा!" मी एकदा मागे बसले होते. हसून हसून पोट दुखलं.

प्रत्येक फेरीत काहीतरी खोट निघायची. ताईची कंबर धरते, उशी हवी. उशी झाली, तर ऊन तोंडावर येतं, पडदा हवा. सगळं जमलं तेव्हा पावसाने अडवलं. तिथे एका किनाऱ्यावर ऊन असतं तेव्हा बहुधा दुसऱ्यावर पाऊस. दोन्हीकडे कोरडा मिळेल असा पंधरवडा भावजी शोधत बसले. एक नाही, दोन नाही, चार वर्षं.

"अहो, भिजू की," ताई म्हणायची. "विरघळायला मी काय साखरेची बाहुली आहे?"

"पुढच्या मार्चात नक्की."

त्या मार्चच्या आधी, संक्रांतीच्या वड्या थापता थापता ताई ओट्यापाशी खाली बसली ती उठलीच नाही. हृदय बंद पडलं. उशीची चाचणी झाली होती, पडद्याची झाली होती. तिच्या हृदयाची कुणीच केली नव्हती.

वर्षश्राद्ध झालं आणि त्यांच्या मुलीने, देवश्रीने, बापाला न विचारता आम्हा तिघांची तिकिटं काढली.

"पूर्वेकडे पाऊस असेल," भावजी म्हणाले.

"असू दे, बाबा."

कोलंबोला देवश्री गाडी चालवायला बसली. भावजींनी डावीकडचं पुढचं दार उघडलं, सीटवर ताईची उशी ठेवली आणि मला म्हणाले, "उल्का, इथे तू बस." स्वतः मागे गेले. ताईचा समुद्र असा माझ्या वाट्याला आला. माडांच्या राया, वाळूवर ओढलेल्या होड्या, निळंशार पाणी. इतकं सुंदर की मला रडू यायचं. मी मनातल्या मनात भावजींना शिव्या घालत होते.

पाचव्या दिवशी धो धो पाऊस लागला. देवश्रीने विचारलं, थांबू का. भावजी नको म्हणाले. त्यांनी काच खाली केली आणि हात बाहेर काढला. बाही भिजली, चष्मा भिजला, सीट भिजली. गाडी आपली चालत होती. बिघडलं काहीच नाही.

"एवढंच होतं होय," ते म्हणाले. "नुसतं भिजायचं."

मग त्रिंकोमालीची पाटी आली. भावजी पुढे वाकले. माझ्या सीटच्या पाठीवर त्यांचा ओला हात आला.

"नयना," ते म्हणाले, "मारतहळ्ळी आलं बघ."

देवश्रीने गाडी हळू केली. माझा राग गेला नव्हता. तरी मी डावीकडे मान वळवली.

"अगंबाई," मी म्हटलं, "केवढ्या लाटा!"