आईच्या तिखटाचा डबा

झांबियाला जायच्या माझ्या बॅगेत माझं असं काहीच नव्हतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नवरा आधीच तिकडच्या तांब्याच्या खाणीत इंजिनिअर म्हणून गेला होता, आता चार वर्षांसाठी मी निघाले होते. विमानात वीस किलोच चालणार, म्हणून दिराने धान्य तोलायचा काटा आणून रामदासपेठेतल्या आमच्या घरी दाराच्या चौकटीला टांगला होता. बॅग सासूबाई भरत होत्या. नवऱ्यासाठी पापड, त्याच्या कुरडया, त्याला आवडतं ते लिंबाचं लोणचं. मला कुणी काही विचारत नव्हतं.

दुपारी कुहीहून एसटीने आई आली. भर मे महिना, चेहरा लालबुंद झालेला. पण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणीही घ्यायचं नाही, ही माझ्या माहेरची रीत. तिने पुढ्यातल्या पेल्याला हात लावला नाही. पिशवीतून डबा काढला. भिवापुरी मिरच्या स्वतः निवडून, वाळवून, उखळात कुटलेलं तिखट.

"तिकडं कसं भेटते, काय मालूम," ती म्हणाली. "हे घेऊन जाय. तुले याच्याबिगर जेवण जात नाही."

बॅग काट्याला लावली तर वजन जास्त भरलं. सासूबाईंनी सरळ डबा बाहेर काढला, तोही आईच्या देखत. "हे राहू दे गं. पुढच्या खेपेला ने."

एक लोणच्याची बरणी काढली असती तर काय आभाळ कोसळणार होतं?

"राहू द्या विहीणबाई, तिथं भेटनच काहीतरी," आईच घाईने म्हणाली. मग माझ्याकडे वळली, "तू काहून तोंड पाडून राहिली वं?" आणि तशीच तहानलेली बसस्टँडवर गेली.

मी तिकडे असतानाच आई वारली. तार पोचली तोवर सगळं उरकलं होतं.

परतल्यावर पहिल्याच जेवणाला सासूबाई मोठ्या कौतुकाने म्हणाल्या, "तुझ्या आईचं तिखट काय झणझणीत होतं गं! वर्षभर पुरलं आम्हाला."

मी हातातला घास ताटात ठेवला. माझ्या आईने ज्या घरचं घोटभर पाणी घेतलं नाही, त्या घराने तिचं तिखट वर्षभर चाटूनपुसून खाल्लं होतं, आणि वर मलाच त्याची चव सांगितली जात होती.

"डबा तरी द्या," मी म्हटलं.

तो केव्हाच भंगारवाल्याला देऊन टाकला होता.