अर्ध्या पगाराची नर्स

नाकाडोंगरीच्या बाजूला मँगनीजची एक खाण होती आणि त्या खाणीच्या दवाखान्यात मी नर्स होते. माझं माहेर धान पिकवणारं. आमच्या घराण्यात धानाच्या रोवण्याच्या चिखलातून पाय काढून पगाराच्या कागदावर सही करणारी मी पहिली बाई. नागपूरला नर्सिंग शिकायला पाठवलं म्हणून वडिलांशी त्यांच्या भावांनी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं. नोकरी लागल्यावर तेच काका गोळ्या मागायला आले.

लग्न माझ्या नोकरीकडे पाहूनच झालं. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता आणि त्यानं हे कधी लपवलंही नाही. खाणीचं दोन खोल्यांचं पक्कं क्वार्टर माझ्या नावावर मिळालं होतं. घरात विजेचा दिवा, दाराशी नळ. त्याच्या गावी तेव्हा यातलं काहीच नव्हतं. तो क्वार्टरमधूनच सायकलीनं शाळेत जायचा. मुलगी झाली ती त्याच क्वार्टरमध्ये.

काम म्हणाल तर चेंगरलेली बोटं धुवायची, पट्ट्या बांधायच्या, खोकणाऱ्या मजुरांना बाटलीत औषध भरून द्यायचं आणि उरलेला वेळ रजेचे दाखले लिहायचे. दाखल्यांवर डॉक्टर न वाचता सही करत. वर्षानुवर्षं हेच चाललं असतं आणि आज मी पेन्शन घेत बसले असते.

एका वर्षी रोवण्याच्या दिवसांत भर दुपारी फाटकाशी बैलबंडी आली. बंडीत धानाच्या तणसावर एक बाई निजवलेली. दोन दिवसांपासून अडलेली होती, आणि बाळाचा हात बाहेर आला होता. डॉक्टर तालुक्याला, तुमसरला गेले होते. दवाखाना फक्त खाणीतल्या मजुरांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी, हा नियम कंपाउंडरनं फाटकावरूनच सांगून टाकला. मी बाहेर जाऊन बंडीत पाहिलं. त्या बाईनं माझ्या लुगड्याचा काठ मुठीत धरला. नुसता धरून ठेवला. मी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिच्या नवऱ्याला सांगितलं, "तुमसरले न्या, लवकर न्या." त्यानं बैल वळवले. ती वाटेतच गेली, हे दुसऱ्या दिवशी बाजारात कळलं.

नियम मी मोडू शकले असते. कोणी फासावर चढवलं नसतं. फार तर एक मेमो मिळाला असता. हे मला त्याच दुपारी कळत होतं, तरी मी आत जाऊन हात धुतले आणि दाखले लिहायला बसले.

त्यानंतर वर्षभर माझं कामात चित्त लागलं नाही. अशातच एक वयस्क डॉक्टरीणबाई खाणीवर आल्या. नागपूरच्या होत्या. सिहोऱ्याच्या पुढं एका गावात त्यांनी एका संस्थेच्या नावानं प्रसूतिगृह काढलं होतं आणि त्यांना नर्स पाहिजे होती. पगार माझ्या तेव्हाच्या पगाराच्या निम्म्याहून कमी. राहायला मागच्या बाजूला एक कवेलूच्या छपराची खोली. त्यांनी काही गोड बोलून फसवलं नाही. म्हणाल्या, "पगार वाढेल असं मी सांगणार नाही. पण एकाही बाईला दारातून परत पाठवायचं नाही, एवढं मात्र मी सांगते." मी तिथंच उभ्या उभ्या हो म्हटलं. घरी विचारलं नाही. हे चुकलंच.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो मुलीच्या वह्यांना कव्हरं घालत होता. सगळं ऐकून घेतलं, उरलेली दोन कव्हरं घातली आणि मग म्हणाला, "तुले समाधान पाहिजे, मले घर पाहिजे. तुह्या समाधानात मी अन् पोरगी कुठं राहू, तेवढं सांग."

सहा महिने पाहू, मी म्हटलं. त्या सहा महिन्यांची नऊ वर्षं झाली.

भांडण म्हणावं असं काही झालंच नाही. त्यानं खटपट करून कारध्याच्या पुलापलीकडे, आपल्या गावाजवळच्या शाळेत बदली करून घेतली आणि मुलीला घेऊन गेला. मुलगी सहा वर्षांची होती. तिला मी समजावलं की आई बाळांना जगात आणायला चालली आहे. ती म्हणाली, "मग मी?" मी तिला जवळ घेतलं. तेव्हा वाटलं, लहान आहे, विसरेल. क्वार्टर माझ्या हाताखालच्या नर्सला मिळालं. पडद्याचे गज काढून नेणार का, असं तिनं भीत भीत विचारलं. मी ठेवून आले.

प्रसूतिगृह म्हणजे तीन खोल्या, चार खाटा आणि एक विहीर. गावातली दाई पहिले चार महिने समोरच्या ओट्यावर बसून येणाऱ्या जाणाऱ्याला ऐकवायची की ही बाई पुस्तकात पाहून लेकरू काढते. मग एकदा पायाळू लेकरू मी तिच्या डोळ्यांदेखत सुखरूप काढलं, तेव्हा ती ओट्यावरून उठून आत आली आणि तिनं विहिरीचं पाणी शेंदून चुलीवर ठेवलं. त्या दिवसापासून ती माझ्याबरोबरच होती. नुसत्या हातानं पोट चाचपून बाळाचं डोकं कुठं आणि पाठ कुठं हे ती डोळे मिटून सांगायची. नागपूरला मला हे शिकवलं होतं, पण इतक्या सबुरीनं कोणी शिकवलं नव्हतं. मी तिला कात्री उकळायला शिकवली. "इतकं उकळून का तिचा रस्सा कराचा हाय का, बाई?" ती म्हणायची, पण उकळायची.

आम्ही चालत गावोगाव जायचो. धानाच्या बांधींमधल्या अरुंद धुऱ्यांवरून, पावसात चपला हातात घेऊन. लोक नवे तांदूळ आणून द्यायचे, लाखोळीची डाळ, तलावातली मासोळी. सासुरवाशिणी आपल्या सासूला सांगता येत नाही ते मला सांगायच्या. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मी सुखी होते. सकाळी डोळे उघडले की कामावर जावंसं वाटायचं. असं खाणीत एक दिवसही झालं नव्हतं. माणसाला एवढं सुख लागलं की तो दुसरीकडे काय तुटत चाललंय ते पाहत नाही. मीही पाहिलं नाही.

मुलगी दिवाळीत आणि उन्हाळ्यात यायची. दहा वर्षांची असताना एका उन्हाळ्यात आली, तेव्हा मी तिच्यासाठी लाडू करून ठेवले होते. मी कामात होते. ती दारात येऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, "डब्यातला एक लाडू घेऊ का?" पाव्हण्यांच्या घरी विचारतात तसं. मी म्हटलं, घे ना, तुझ्यासाठीच आहेत. तिनं एकच घेतला, झाकण नीट लावलं आणि डबा होता तिथं ठेवला. मी त्या दिवशी दाईला म्हटलं की पोरगी शहाणी झाली.

पुढं डॉक्टरीणबाई आजारी पडून नागपूरला गेल्या आणि तिथंच वारल्या. संस्थेचा कारभार सेक्रेटरीकडे आला. हा गावातला धानाच्या गिरणीचा मालक. निम्मं गाव त्याच्या गिरणीवर कामाला आणि उरलेलं निम्मं त्याच्याकडून बियाणं नेणारं. डॉक्टरीणबाईंच्या मागं कोणा दात्यानं संस्थेला जीप दिली होती, अडलेल्या बायांना तुमसरला न्यायला. ती प्रसूतिगृहासमोर कमी आणि गिरणीसमोर जास्त दिसायची. मी दोनदा लेखी कळवलं. दोन्ही वेळा तो हसून म्हणाला, "बाई, जीप तुमचीच आहे."

हिवाळ्यातली सकाळ होती. तिसरं बाळंतपण असलेली एक तरणी बाई आली. मुलगा झाला, चांगला रडला. वार पडली आणि मग रक्त थांबेना. मला येत होतं ते सगळं मी केलं. पोट दाबून धरलं, होती नव्हती ती इंजेक्शनं दिली. जीप आणायला माणूस पाठवला. तो परत आला आणि म्हणाला, जीप सेक्रेटरीच्या पुतण्याच्या वऱ्हाडात गेली आहे, उद्या येईल. बस दुपारी होती. आम्ही तिला खाटेवर घालून चार माणसांच्या खांद्यावर सिहोऱ्याच्या रस्त्याला लागलो. दाई साऱ्या वाटेनं तिचे पाय उंच धरून चालत होती. हात दाखवला तर एक ट्रक थांबला नाही, दुसऱ्यानं रक्त पाहून गाडी पुढं काढली. सिहोरा दिसू लागलं तेव्हा तिचा हात माझ्या हातात थंड पडला होता. मी चौघांना खाट खाली ठेवायला सांगितलं.

सेक्रेटरी लग्नाहून परतला तो तसाच, फेटा बांधलेला, प्रसूतिगृहासमोर आला. लोक जमलेलेच होते. त्यानं त्या बाईच्या सासऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाईनं येळेवर सांगितलं असतं तर जीप होतीच ना."

मी काही बोलण्याच्या आत दाई पुढं झाली. "जीप वऱ्हाडात गेल्ती," ती म्हणाली. "साऱ्या गावानं पायली."

साऱ्या गावानं पाहिली होतीच. पण कोणी मान वर केली नाही. त्या घोळक्यात किती तरी माणसं अशी होती, ज्यांची लेकरं माझ्या हातावर पहिल्यांदा रडली होती. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहत गेले आणि एकेक जण जमिनीकडे पाहू लागला. ज्याच्या बायकोची जुळी मी काढली होती, तो गिरणीवरचा हमाल मात्र हळूच जवळ आला. वाटलं, हा बोलेल. तो म्हणाला, "बाई, तुमी आता इथं नोका राहू."

त्यांचा राग करू नये, त्यांची पोटं गिरणीवर होती, असं मला पुष्कळांनी सांगितलं आहे. मलाही ते कळतं. पण राग गेलेला नाही.

सेक्रेटरीनं माझ्याकडून लेखी मागितलं. मी जीप उशिरा मागवली एवढं लिहून दिलं की प्रकरण मिटेल आणि नोकरी राहील, असं तो म्हणाला. मी लिहून दिलं नाही. सहा महिन्यांनी जवळच सरकारी आरोग्य केंद्र उघडलं आणि संस्थेनं प्रसूतिगृह बंद केल्याचा एका ओळीचा कागद मला दिला. त्या सरकारी केंद्रात मी अर्ज केला. तिथल्या बाबूनं माझी जन्मतारीख पाहिली आणि वय उलटून गेलं म्हणून अर्ज परत सरकवला. अनुभवाचा रकाना त्यानं वाचलासुद्धा नाही.

मग मी खाणीवरही जाऊन आले. लाज वाटत होती तरी गेले. जागा नव्हती. माझ्या हाताखालच्या त्या नर्सनं मला घरी नेऊन चहा दिला. ती आता मोठी सिस्टर झाली होती आणि तिचा मुलगा खाणीच्या शिष्यवृत्तीवर नागपूरला इंजिनिअरिंग शिकत होता. मनानं चांगली बाई. मला म्हणाली, "ताई, तुम्ही असता तर ही जागा तुमचीच होती." तिनं ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असावं. मी चहा अर्धाच ठेवून उठले.

नवऱ्याच्या घरी परत आले. त्यानं दार उघडलं, पेटी आत घेतली. कधी टोमणा मारला नाही. टोमणा मारला असता तर मी भांडले असते, रडले असते, काही तरी झालं असतं. जेवताना तो मला आपल्या ताटाला हात लावू द्यायचा नाही, स्वतःच वाढून घ्यायचा. नऊ वर्षांची सवय, म्हणायचा. मी रोज नदीवरचा कारध्याचा पूल ओलांडून भंडाऱ्याला एका खाजगी डॉक्टरकडे इंजेक्शनं द्यायला जाऊ लागले. पगार प्रसूतिगृहापेक्षाही कमी. दोन वर्षांनी सिहोऱ्याकडच्या एका बाईनं दवाखान्यात सांगितलं की दाई वारली, महिना होऊन गेला. मला कोणी कळवलं नव्हतं.

मुलगी हुशार निघाली. बारावीला चांगले गुण पडले. तिला डॉक्टर व्हायचं होतं, पण थोडक्यात हुकलं, आणि पैसे भरून शिकवण्याची आमची ऐपत नव्हती. खाणीत राहिले असते तर ती असती. तिच्या एका मैत्रिणीनं नर्सिंगचा अर्ज आणून दिला, तो तिनं चुलीजवळ, जाळायच्या कागदांत ठेवला. शेवटी बापासारखं मास्तरकीला जायचं ठरवून डी. एड.चा अर्ज भरायला बसली. सोबत फी माफीचा अर्ज होता. त्यात वडिलांची नोकरी, आईची नोकरी असे रकाने होते. मी शेजारी तांदूळ निवडत बसले होते. तिनं वडिलांचं सगळं भरलं आणि माझ्या रकान्यात लिहिलं, "निरंक."

मी पाहिलं हे तिच्या लक्षात आलं. "तुझ्या डॉक्टरकडचा कागद नाही ना काही," ती म्हणाली. "दाखवलं तर पुरावा मागतील."

"बरोबर लिहिलं," मी म्हटलं.

तिनं शाई वाळू दिली आणि अर्ज सहीसाठी बापाकडे नेला.