भाताच्या काट्यावर

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. घरात लेकीच्या लग्नाआधीच्या दिवसांचा विषय निघाला, की मी उठून गोठ्यात जात असे.

रामनगरच्या अलीकडे आमची भाताची गिरणी होती. खानापूरकडचं एक स्थळ ‘मुलगी अंगानं जास्त आहे’ म्हणून परत गेलं आणि मी लेकीचं वजन उतरवायचं मनावर घेतलं. तिचा भात बंद केला. सकाळी नाचणीची आंबील, रात्री पेज. दर रविवारी मी तिला गिरणीत नेऊन पोती मोजायच्या काट्यावर उभी करायचो. घरी काटा नव्हता, एवढंच कारण.

भात कांडायला आलेली माणसं बघत असायची. एकदा हमाल म्हणाला, “मालक, पोत्याचं बारदान वजा केलंसा का न्हाई?” सगळे हसले. मीही हसलो. ती ओढणी सावरत खाली उतरली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

पहिले काही रविवार वजन उतरलं. मग एका रविवारी ते किलोभर वाढलं.

“काय खाल्लंस?”

“काय न्हाई, आप्पा. देवाशपथ.”

पुढच्या रविवारी उतरलं, त्याच्या पुढच्या रविवारी परत चढलं. मी ठरवून टाकलं, पोरगी चोरून खाते. शिंक्यातला गूळ कपाटात ठेवला आणि किल्ली जानव्याला बांधली. बायको म्हणाली, “अवो, लेक हाय ती, पोतं न्हवं.” मी तिलाच झापलं, की तूच तिला चारतेस. शनिवारी दुपारपासून लेक पाणीसुद्धा पीत नाही, हे मला ठाऊक होतं. वजन कमी भरावं म्हणून ती बांगड्या काढून यायची. मला ती लबाडीच वाटायची.

एका रविवारी काट्यावरच तिला घेरी आली. मी काटा पाहिला, मग तिला धरलं. या क्रमात.

लग्न झालं तिचं, दुसऱ्या घरात. ती सुखात आहे.

आता माझं हृदय कमजोर झालं आहे. डॉक्टरांनी रोज सकाळी वजन करायला सांगितलं आहे. मागे एकदा रात्री पेज आणि भाजलेला पापड एवढंच घेतलं होतं, तरी सकाळी काटा किलोभर वर. मी घाबरून डॉक्टरांकडे गेलो. “मी काही खाल्लं नाही हो,” म्हणालो. ते म्हणाले, “आजोबा, एका रात्रीत चरबी चढत नाही. पाणी असतं ते. तुमच्या दुखण्यात त्यावर लक्ष ठेवावं लागतं, पण धडधाकट माणसाचंही वजन असं खालीवर होतंच. बायकांचं तर महिन्याच्या दिवसांत हमखास.”

मी मनात गिरणीतले रविवार मोजायला लागलो.

त्यानंतर उळवीच्या जत्रेला लेक माहेरी आली. दुपारी आम्ही जेवायला बसलो. तिनं पहिला भात संपवला आणि पातेल्याकडे हात नेला. तो मध्येच थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. केस पिकायला लागलेत तिचे, घर चालवते, आणि दुसरा भात घ्यायच्या आधी तिला माझं तोंड बघावं लागलं.

‘तू खरं बोलत होतीस, बाय. मी चुकलो. मला माफ कर.’ सगळं जिभेवर आलं होतं.

मी म्हणालो, “ताक दे जरा.”

तिनं दिलं.