टाळी जुळवणारा माणूस

आमच्या लग्नाची कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून आणली आणि घरात हाहाकार उडाला. आवाज चित्राच्या मागून येत होता. सासरेबुवा मंगलाष्टक म्हणायला तोंड उघडायचे आणि सूर निघायचा जांभई देणाऱ्या आमच्या आत्याबाईंच्या तोंडून! मी पोट धरून हसलो. बायको हसली नाही. वडील गेल्यावर त्यांचा तेवढाच आवाज तिच्यापाशी उरला होता.

आम्ही दोघं भिंगारच्या बाजारातल्या एका व्हिडिओवाल्याकडे गेलो. त्याचं नाव मला आजही ठाऊक नाही. हेडफोन एकाच कानावर, दुसरा कान गिऱ्हाइकासाठी मोकळा. त्याने थेट अंतरपाट सरकतो तिथे चित्र थांबवलं.

"हितं समदे टाळ्या वाजवत्यात. दिसती ती टाळी अन् ऐकू येती ती टाळी जुळली, की समदं जुळलं."

आवाज थोडा थोडा सरकवत तो दर वेळी पडद्याबरोबर स्वतःही टाळी वाजवायचा. मग मीही वाजवली. शेजारच्या चहावाल्यानेही वाजवली. माझं लग्न पुन्हा एकदा लागलं!

आता सासऱ्यांच्या ओठांवर शब्द नेमके बसले. फक्त शेवटच्या ओळीला आवाज चिरकत होता.

"तेवढा बिघाडही काढा की," मी म्हणालो.

"त्यो बिघाड न्हाई, साहेब. ओठ बघा त्यांचे. बाप रडतोय. ते मी काढनार न्हाई."

त्याने हेडफोन उतरवून बायकोच्या दोन्ही कानांवर ठेवला आणि रस्त्याकडे तोंड फिरवलं. या वेळी टाळी कुणीच वाजवली नाही.