माझ्या मागे फिरणारी चौकट

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकणारच, शाळा चौथीत सुटली. हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही, पण कुणाच्या हाती लागलंच तर आधीच माफी मागून ठेवते. मनात मावत नाही म्हणून लिहिते.

आम्ही तेव्हा वाडीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. हे गोदामात कामाला. माझे धाकटे दीर आमच्याकडे राहून इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होते. शेवटच्या परीक्षेसाठी त्यांना एक काम करून दाखवायचं होतं. व्हिडिओत माणूस चालला की कॉम्प्युटरने त्याला ओळखत त्याच्या मागे जायचं. पडद्यावर त्या माणसाभोवती पांढरी चौकट असणार आणि माणूस सरकला की तीही सरकणार.

कॅमेरा जरीपटका भागातल्या, लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाकडून एका दिवसाच्या भाड्याने मिळत होता. कॉलेज खर्च देणार होतं, पण काम पास झाल्यावर. मी आमच्या भिशीतल्या एका बाईकडे गेले. त्या महिन्याची भिशी तिला लागली होती, मुलीच्या साखरपुड्यासाठी राखलेली. साखरपुड्याआधी परत करीन असा शब्द देऊन पैसे आणले. मी कधी कुणाकडे मीठ मागितलं नव्हतं. त्या दिवशी तोंडातून शब्द कसे निघाले, माहीत नाही.

चालणारं माणूस म्हणजे मी. कारण अंगणात दुसरं कोणी नव्हतं.

"वैनी, तुम्ही फक्त चालत राहा. इकडं पाहू नका."

मी घागर घेऊन नळाकडे निघाले. आतून गंमत वाटत होती. तेवढ्यात फाटकातून माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, आत आले. उमरेडच्या बसने न कळवता आलेले. मी झटकन पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि पाठ फिरवली. भासरे माझ्या आणि कॅमेऱ्याच्या मधून जाऊन नळावर पाय धुवायला लागले. ते बाजूला झाल्यावर मी तशीच घागर कमरेवर घेऊन निघाले. टेप संपली. संध्याकाळी कॅमेरा दुसऱ्या लग्नाला गेला. पुन्हा भाड्याला पैसे नव्हते. जी टेप होती, तीच.

रविवारी डबा घेऊन मी कॉलेजात गेले. कॉम्प्युटरच्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं, म्हणून दिरांनी मला बसवलं. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर मी. लग्नातला एक फोटो सोडला तर मी स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं. चौकट माझ्याभोवती बसलेली. एक चित्र पुढे सरकायला एवढा वेळ लागे की मी पोळीचा घास हातातच धरून ठेवला. चौकट सरकली, पुन्हा सरकली. मग पदर आला, भासरे आले, आणि चौकट भासऱ्यांच्या धोतरावर जाऊन बसली. त्यांच्यासोबत नळावर गेली.

दीर म्हणाले, "वैनी, मशीन तर दादासंगं पाय धुवून राहिली."

मला हसूही येईना आणि रडूही. पैसे डोळ्यांसमोर आले.

मग त्यांनी मला समजावलं. मशीनजवळ माझा एक छोटा नमुना असतो. प्रत्येक नव्या चित्रात ती त्याच्याशी जुळणारी जागा शोधते आणि सापडली की नव्यातलं थोडं जुन्यात मिसळते. रोजच्या विरजणासारखं. कमी मिसळलं तर पदर घेतलेली मी ओळखू येत नाही. जास्त मिसळलं तर समोर जो येईल तोच नमुन्यात उतरतो. आता त्यांना असं करायचं होतं की जुळणी चांगली असेल तर मशीनने थोडं थोडं शिकावं, आणि शंका आली की शिकणं थांबवून तिथंच वाट पाहावी.

इकडे भिशीतली बाई नळावर सगळ्यांसमोर म्हणाली, "काहून वं, मशीन तुह्या मांगं धावते म्हणतेस, मंग माहा पैसा कोणाच्या मांगं धावून राहिला?"

मी मान खाली घालून घागर भरली.

पुढच्या रविवारी पुन्हा गेले. पदर सरकला, चौकट डगमगली, पण सोबत राहिली. भासरे आडवे आले. चौकट हलेना. पुढचं चित्र, तरीही नाही. मी पडद्याजवळ सरकले. भासरे बाजूला झाले आणि पदराआडची, पाठमोरी मी पुन्हा दिसले. चौकट अलगद माझ्यावर आली आणि घागरीसकट माझ्यासोबत चालू लागली. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. दिरांनी टेबलावर थाप मारली.

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमका तोच तुकडा पुन्हा लावायला सांगितला, असं दिरांनी घरी येऊन सांगितलं. बाकी सगळ्यांच्या टेपमध्ये माणसं शहाण्यासारखी सरळ चालत होती, आडवं कोणी येत नव्हतं म्हणे. काम पास झालं. भासऱ्यांना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, धोतर स्वच्छ दिसत होतं का.

कॉलेजचे पैसे साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात मिळाले. रुमालात बांधून मी स्वतः नेऊन दिले. बाईने दारातच बसून नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि डब्यात ठेवल्या.

"बराबर हायेत वं," ती म्हणाली.